उवा बघणाऱ्या काकू

काकूंच्या घरात शिरताना आधी चपला काढायच्या, मग हात धुवायचे आणि मग मान खाली घालायची, असा क्रम होता. ही मान नमस्कारासाठी नसे, काकूंना डोकं नीट दिसावं म्हणून असे. नियम फक्त पोरांसाठी आहे असं त्या म्हणत, पण आम्हा आयांच्या भांगावरूनही त्यांची नजर एकदा फिरून येतच असे. रेवाला पाळणाघरात ठेवायची चौकशी करायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा वेळ काय, जेवण काय, हे मी विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, "केस धुतल्यावर वाळवतेस की ओलेच बांधतेस?"

"ओलेच बांधते. सकाळी वेळ कुठे असतो, काकू?"

"दिसतंय ते," असं म्हणून त्या रेवाचा हात धरून आत गेल्या. म्हणजे रेवाला प्रवेश मिळाला होता. हे मला जरा उशिराच कळलं, तोवर मी दारात उभीच होते.

बोरिवलीला बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. नोकरी त्यांनी टेलिफोनच्या ऑफिसात केली होती आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून पाळणाघर काढलं होतं. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची बिल्डिंगमध्ये कुणाची टाप नव्हती. आवाज असा खणखणीत, की त्यांनी वरून "कोथिंबीर ताजी आहे काय?" असं विचारलं की खालचा भाजीवाला दचकून जुडी उंच धरायचा. अंगाने जाड, रंगाने सावळ्या, आणि नाकावर एकावर एक दोन चष्मे. एक लांबचा, एक जवळचा. दोन्ही मिळून एकच का करून घेत नाही, असं मी एकदा म्हटलं.

"तसला पण आहे माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "त्यातून माणसं दिसतात. उवा दिसत नाहीत."

मूळच्या त्या मालवणकडच्या. एरवी मुंबईचंच मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा माया आली की मालवणीवर घसरायच्या, आणि या दोनातलं नक्की काय आलंय हे नव्या माणसाला कळायचं नाही. रेवा पहिल्या आठवड्यात रडत घरी आली होती, कारण काकूंनी तिला "गो बाय माझे, हकडे ये" म्हटलं होतं. तिला वाटलं, आपल्याला शिक्षा झाली.

पोरं जेवून उठली आणि गॅलरीत ऊन आलं, की काकूंचं काम सुरू व्हायचं. त्या खुर्चीत बसायच्या. पुढ्यात पाट, मांडीवर धुऊन पांढराशुभ्र केलेला उशीचा अभ्रा, हातात बारीक दातांची लाकडी फणी. पोराने पाटावर पाठमोरं बसायचं आणि डोकं काकूंच्या गुडघ्यांत द्यायचं. अभ्र्यावर काही पडलं की काकू ते अंगठ्याच्या नखावर घ्यायच्या आणि दुसऱ्या नखाने टिचकन निकाल लावायच्या. मी हे लहानपणी आमच्या चाळीत पाहिलेलं होतं, पण ते वैतागून, पाठीत धपाटे घालत चालायचं. काकूंच्या गॅलरीत मात्र पोरं आपला नंबर लागावा म्हणून भांडायची.

उवा झाल्यात हे डोकं न बघताही कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी खाजवण्याकडे बघायचं. "ज्याचा अभ्यास झालेला नाही ते पोर टाळू खाजवतं," त्या सांगायच्या. "खोटं बोलणारं पोर नाक खाजवतं. आणि उवा झालेलं पोर कानामागे खाजवतं, नाहीतर मानेवर, जिथे केस सुरू होतात तिथे. आणि खाजवताना त्याचं लक्ष नसतं. टीव्ही बघतंय, जेवतंय, हात आपला मागे चाललाय." रात्री झोपेत तळमळणारं, सकाळी किरकिर करणारं पोर आलं की दुसरी बाई म्हणाली असती, जंत झाले असतील. काकू आधी कान पुढे वाकवून बघायच्या. तिथे मुळाशी पांढरा ठिपका दिसला की फुंकर मारायची. उडाला तर कोंडा. केसाला चिकटून बसला, बोटाने ओढूनही सहज सुटेना, तर ती लीख.

या परीक्षेत त्या एकदा सपशेल आपटल्या. एका पोराच्या केसांत पांढरे ठिपकेच ठिपके. फुंकरीने उडेनात, बोटाने सुटेनात. काकूंनी दुपारभर त्याला पाटावर बसवून एकेक केस विंचरला. संध्याकाळी त्याची आई न्यायला आली आणि म्हणाली, "अरे, शाळेत क्राफ्ट होतं ना आज? गोंद सांडला वाटतं डोक्यावर."

"मेल्या, तोंड नव्हतं काय तुला?" काकू ओरडल्या. "गोंद आहे म्हणून सांगायचं नाही?"

"तुम्ही गोष्ट सांगत होतात," पोरगा म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं."

 काकूंनी त्याच्या डोक्यात एक टपली मारली आणि उरलेली गोष्ट उद्या सांगेन असं कबूल केलं. त्यानंतर मात्र त्या फुंकर मारल्यावर वासही घेऊ लागल्या.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. सीताफळाच्या बियांची पूड लावायचा बेत त्यांनी केला होता, तो मी हाणून पाडला, कारण ते डोळ्यांत गेलं तर वाट लागते. उवा फार स्वच्छ डोक्यातच होतात, असं त्या ठासून सांगायच्या. आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की उवांना स्वच्छ आणि घाण असं काही नसतं, डोकं मिळालं की झालं. मी हे काकूंना सांगायचा मूर्खपणा केला. "डॉक्टरांच्या डोक्यात झाल्यात काय कधी?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांना टक्कल होतं. मी विषय सोडून दिला.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती चेहऱ्याने नाही, डोक्याने. एकदा जिन्यात कॉलेजचा एक मुलगा हेल्मेट घालून वर येत होता. काकूंनी त्याला थांबवलं, हेल्मेट काढायला लावलं, खाली वाकायला लावलं, आणि भोवरा बघून त्याला नावाने हाक मारली. तो लहानपणी वर्षभर त्यांच्याकडे होता. तो इतका खूश झाला, की पार्सल द्यायला आला होता ते चौथ्या मजल्यावर द्यायचं विसरून आमच्यातच गप्पा मारत बसला. आता ती बिल्डिंग पाडली आहे, काकू दहिसरला भावाकडे राहायला गेल्यात, आणि रेवाचे केस रेवाच विंचरते. पण त्या जिन्यातला तो वाकलेला मुलगा मला अजून दिसतो.

अभ्र्यावर नुसत्या उवा पडायच्या नाहीत, घरातल्या गोष्टीही पडायच्या. फणी फिरायला लागली की पोरं आपोआप बोलायला लागायची. कुणाचे बाबा कुठल्या खोलीत झोपतात, कुणाच्या आईने मोबाइल आपटला, सगळं. "रविवारी फिरायला जाणार होता ना तुम्ही? मग भांडत का बसलात?" असं काकूंनी मला एकदा दारातच विचारलं. त्या हे दुसऱ्या कुणाला सांगायच्या नाहीत, पण त्यांना माहीत आहे एवढ्यानेच आम्ही दोघं नवरा-बायको पुढचे काही दिवस नीट वागलो.

मलाही उवा झाल्या, हे सांगून टाकते. अंधेरीच्या ऑफिसात मीटिंग चालू होती आणि मी पेनाने कानामागे खाजवत होते. लक्ष नव्हतं. मग एकदम लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. संध्याकाळी रेवाला न्यायला गेले तर काकूंनी मला बघताच पाट सरकवला.

"काकू, मी घरी करीन."

"गप बस हकडे."

मी बसले. ऑफिसच्या कपड्यांत, चौतिसाव्या वर्षी, पाटावर, पुढे पोरं दात काढून बघतायत. काकूंनी माझा रबर काढला आणि फणी लावली. माझी आई गेली त्यानंतर माझ्या डोक्याला असा कुणी हात लावला नव्हता. पार्लरमधला हात वेगळा असतो, तो पुढच्या बाईकडे लक्ष ठेवून फिरतो. काकूंचा हात जड होता, दर वेळी डाव्या हाताने कपाळ धरून ठेवायच्या, म्हणजे मान हिसकायला नको. मला झोप यायला लागली आणि रडूही यायला लागलं. काकूंना ते कळलं असणार. त्या एकदम स्वतःचं सांगायला लागल्या. लहान होत्या, आई बाळंतपणात गेली होती, आणि डोकं उवांनी भरलं तेव्हा आत्याने न्हाव्याला बोलवून सरळ गोटा केला होता. "तिचंपण चुकलं नाही. घरात पाच पोरं, कोण विंचरणार?" त्या म्हणाल्या. "पण शाळेत मी डोक्याला फडका बांधून बसायची. तो फडका पोरं ओढायची." मग मला म्हणाल्या, "झाल्या. ऊठ. आणि केस वाळवून बांधत जा."

पूर्वा त्यांच्याकडे आली ती रेवा दुसरीत असताना. ती गोराईची. बाप मासेमारी करायचा आणि आई दुपारपासून बोरिवलीच्या बाजारात मासे विकायला बसायची. पोरीला शाळा चांगली मिळावी म्हणून आईने तिला खाडीच्या या बाजूला घातलं होतं. शाळा सुटल्यापासून आईचा बाजार उठेपर्यंत ती काकूंकडे राहायची, आणि मग मायलेकी फेरीबोटीने घरी जायच्या. आई उंच, आवाज काकूंच्या तोडीचा. पूर्वा मात्र अगदी हळू बोलायची. लांब, काळे, तेल लावलेले केस, दोन घट्ट वेण्या आणि बहुतेक वेळा अबोलीची वेणी. तिचं डोकं काकू रोज नुसतं वरवर बघायच्या, "शाबास गो" म्हणायच्या आणि पुढच्या पोराला बोलवायच्या.

त्याच वर्षी पाळणाघरात उवांचा कहर झाला. आम्हा आयांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यावर अन्विताच्या आईने कंगव्यावरच्या उवेचा मोठा करून फोटो टाकला. अन्विता म्हणजे रेवाची जिवलग मैत्रीण, आणि तिची आई म्हणजे आमच्या ग्रुपची अघोषित पुढारी. फोटोच्या खाली तिने लिहिलं, "कुठून आल्या ते सगळ्यांना माहितीये. नाव घ्यायला नको." बाकीच्यांनी खाली होकाराचे अंगठे टाकले. पूर्वाची आई त्या ग्रुपवर नव्हती. तिला घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

शनिवारी त्या सगळ्या काकूंच्या घरी जमल्या. मीही होते. पोरं गॅलरीत खेळत होती.

"काकू, स्पष्ट बोलते, राग मानू नका," अन्विताची आई म्हणाली. "ती मुलगी राहणार असेल तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. आम्हा सगळ्यांनाच."

"कुठली मुलगी?" काकूंनी विचारलं. त्यांना नाव ऐकायचं होतं.

"ती... गोराईची."

पूर्वाला काढलं असतं तर तिचं काय झालं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. दुपारभर बाजारात टोपल्यांच्या मागे बसली असती, आणि मग कधीतरी इकडची शाळाच सुटली असती. आणि काढलं नसतं, तर काकूंच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या असत्या. काकू उठल्या. दुसरा चष्मा चढवला, अभ्रा झटकला आणि गॅलरीत जाऊन म्हणाल्या, "चला रे सगळे. आज माझी परीक्षा आहे. आयांसमोर."

एकेक पोर पाटावर बसलं. आया दारात उभ्या राहून बघत होत्या. रेवाच्या डोक्यातून निघाल्या. अन्विताच्या डोक्यातून निघाल्या, भरपूर निघाल्या. एका मुलाचे केस अगदी बारीक कापलेले होते, त्याच्याही कानामागे लिखा सापडल्या. प्रत्येक वेळी काकू अभ्रा वर करून त्या-त्या आईला दाखवत होत्या. शेवटी पूर्वा बसली. काकूंनी दोन्ही वेण्या सोडल्या. कानामागे बघितलं, मानेवर बघितलं, भांग पाडून-पाडून सगळं डोकं पालथं घातलं. अभ्रा पांढराच राहिला.

"तेल आहे म्हणून दिसत नसतील," अन्विताची आई पुटपुटली.

"ये, तूच बघ," काकूंनी फणी पुढे केली. ती पुढे आली नाही. हळूहळू सगळ्या आपापल्या पोरांचे हात धरून निघून गेल्या, आणि दुसरं पाळणाघर शोधायचा विषय त्या दिवसापुरता तरी मिटला.

मी थांबले होते. मला वाटलं, आता काकू खदाखदा हसतील आणि अन्विताच्या आईची नक्कल करून दाखवतील. मला ती बघायची होती. पण काकू फणी हातात धरून नुसत्या बसून होत्या. पूर्वा अजून पाटावरच होती, केस मोकळे सोडून.

"दुपारची तू खंय झोपतस गो?" काकूंनी तिला विचारलं.

"तिथे." पूर्वाने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे फ्रिजपाशी जमिनीवर एक चटई होती. बाकीची पोरं आतल्या खोलीत गादीवर झोपायची.

"तिथे का?"

"तिथे गार लागतं."

काकूंनी तिच्या वेण्या घालून दिल्या आणि तिला आत चित्र काढायला पाठवलं. मग मला म्हणाल्या, "ऊ उडत नाही. तिला पंख नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते या केसावरून त्या केसावर. माझ्या घरात सगळ्यांची डोकी भरली आणि हिच्यात एकसुद्धा नाही. म्हणजे इतके महिने हिच्या डोक्याला कुणी डोकं लावलं नाही."



"आणि मी रोज शाबास म्हणून उठवत होते तिला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली गेला होता. "माका सगळा कळता म्हणून मिरवतंय मी. माझ्या घरात पोर एकटं झोपता, ता माका कळला नाय."

घरी जाऊन मी रेवाला विचारलं. ती म्हणाली, "अन्विता म्हणते तिला माशांचा वास येतो." आमच्या घरात बुधवारी आणि शुक्रवारी मासे नसले तर माझा नवरा जेवणावर रुसतो. मी रेवाला ओरडले. ओरडल्याने काय होतं? सोमवारी ती पूर्वाला मोठ्याने "हॅलो" म्हणाली आणि जाऊन अन्विताशेजारी बसली.

काकूंनी त्यांच्या पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे हुकूम सोडला. सगळ्यांनी एकाच गादीवर झोपायचं, पूर्वाने मधे. पोरं झोपली, पण झोपेतसुद्धा सरकत-सरकत भिंतीला लागली, आणि पूर्वा मधे एकटीच राहिली. हे फ्रिजपाशी झोपण्यापेक्षा वाईट दिसत होतं. मग मला एक कल्पना सुचली. पूर्वाला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, निवडायची सवय होती, बोटं भलतीच चपळ. "तिलाच फणी द्या की," मी म्हटलं. "पोरं आपोआप तिच्यापुढे डोकी देतील."

काकू माझ्याकडे असं बघायला लागल्या, की मला दोन्ही चष्म्यांमधून बघितल्यासारखं वाटलं. "ती काय तुमच्या पोरांच्या उवा काढायला येते माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "मैत्रीण पायजे तिला. काम नको."

आणि मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की रविवारी सगळ्यांनी गोराईला जायचं, पूर्वाच्या घरी. ज्याला यायचं नसेल त्याने येऊ नये, पण सोमवारी त्याचं डोकं बघणार नाही. ही धमकी पोरांना बरोबर लागली. अन्विता रडून-रडून आली, तिची आई नाही आली. मोठ्यांपैकी मी एकटीच होते. काकू फेरीबोटीत बसल्या आणि बोट हलताच त्यांनी माझं मनगट धरलं. चेहरा हिरवा पडला होता.

"काकू, तुम्ही तर कोकणातल्या ना?"

"कोकणातली म्हणजे काय मासळी आहे मी?" एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले ते पलीकडचा धक्का येईपर्यंत.

बोटीत पूर्वा उभी होती. हात कशाला न धरता, बोट हलेल तशी हलत. बाकीची सगळी कठड्याला चिकटलेली. एवढ्याशा त्या पोरीला तसं बघून रेवाचं तोंड उघडं राहिलं. घरी गेल्यावर पूर्वाच्या आईने ताजे बोंबील तळून दिले, बाप अंगणात जाळं दुरुस्त करत होता, आणि ओट्याजवळ एका बादलीत चिंबोऱ्या होत्या, जिवंत, एकमेकींवर चढणाऱ्या. पूर्वाने हात घातला आणि एक मोठी चिंबोरी मागून धरून वर काढली. नांगे हवेत फिरत होते.

"मला पण! मला पण!" अन्विता ओरडली.

"पुढून नाय धरायची," पूर्वा म्हणाली. मी तिचा आवाज एवढा मोठा पहिल्यांदा ऐकला. "अशी, मागून. बोट इथे. अगं, इथे! चावेल ना!"

बघता-बघता सगळी पोरं बादलीवर ओणवी झाली. वरून आम्हाला फक्त डोकी दिसत होती. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पोट अजून ठिकाणावर नव्हतं, पण त्यांनी माझा हात दाबला. "बघ," त्या म्हणाल्या. "बघ, बघ." अन्विताच्या पोनीटेलला पूर्वाची वेणी लागली होती. रेवाने आपला गाल पूर्वाच्या कानाला टेकवला होता, कारण तिला आत नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर काकूंचं डोकंच फिरलं. जन्मभर उवांशी वैर केलेली बाई रोज पूर्वाला पाटावर बसवून कसून शोधायची, आणि काही मिळालं नाही की हिरमुसायची. "आज पण नाही गो," असं मला दारात सांगायची. शाळेतून बाकीच्यांच्या डोक्यात नव्या येतच होत्या, पण पूर्वा कोरीच. मी म्हटलं, "काकू, खेळतात हल्ली एकत्र. मी बघितलंय."

"तू वरून बघतेस," त्या म्हणाल्या. "माझा भरवसा नाही बसत."

सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. त्या संध्याकाळी मी रेवाला न्यायला आले होते, आणि माझ्या मागोमाग जिन्यावरून पूर्वाची आई आली ती आरडाओरडा करतच. पूर्वा सकाळी घरून थेट शाळेत गेली होती आणि आता आतल्या खोलीत होती.

"काकी! माजे पोरीचे डोक्यान उवा झाल्यान! सकाळी वेणी घालताना बघितल्या. मी कदी एक लीख पडू दिली नाय, मना लाज वाटते, लोकं काय बोलतील? तुमचेवर भरोसा ठेवून पोर ठेवली नि तुमी काय केलाव?"

 काकूंनी पूर्वाला हाक मारली, पाटावर बसवली आणि केस सोडले. फणी एकदा फिरवली, दोनदा फिरवली. अभ्र्यावर एक ऊ पडली. काकूंनी दोन्ही चष्म्यांतून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नखावर घ्यायचं त्या विसरूनच गेल्या.

"दुपारी कुणाच्या बाजूला झोपतस गो?" त्यांनी विचारलं.

"रेवाच्या," पूर्वा म्हणाली. "पण अन्विताला पण माझ्याच बाजूला पायजे असते. मग आम्ही भांडतो. मग काकू, तुम्ही ओरडता ना, ते आमच्यावरच."

"तुमच्यावरच," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी एक चष्मा काढला, मग दुसरा काढला, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. पूर्वाच्या आईला काही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला सांगितलं, जमेल तसं सांगितलं, उवा कशा चालत जातात ते.

 तिचे कमरेवरचे हात खाली आले. ती म्हणाली, "पयल्यांदा रोज रडायची रात्रीची. नको धाडू, नको धाडू. मना कारण नाय सांगायची."

मग तिने नाक ओढलं, गॅलरीच्या फरशीवर फतकल मारली आणि केसांतली पिन काढून तोंडात धरली. आतल्या खोलीच्या दारातून रेवा आणि अन्विता डोकावत होत्या.

"ये गो तुमी दोगी," ती म्हणाली. "बसा हितं. आदी तुमच्या काढते, मंग हिच्या. एकीच्या काढून काय उपेग नाय."

आणि तिने माझ्या रेवाला ओढून पुढ्यात घेतलं, डाव्या हाताने तिचं कपाळ धरलं, आणि तिचे केस सोडायला लागली.